बाटलीभर स्लरी

गोठ्यातला तो नवा जनरेटर बघताय ना, तो एका बाटलीमुळे आला. खोटं नाही सांगत!

निर्मळ गावात आमच्या दहा म्हशी. त्यांच्या शेणाच्या गॅसवर आई छोटा जनरेटर चालवायची, गोठ्याचे दिवे-पंखे आणि वाडीचा पंप त्यावरच. मोठा घ्यायला कर्ज मागितलं, तर बँकेचे साहेब पाहणीला आले. मोबाइलवर आकडेमोड करून म्हणाले, "मावशी, ही वीज बोर्डाच्या विजेपेक्षा महाग पडते. तोट्याचा धंदा आहे."

आईनं विचारलं, "आनि गॅस निघाल्यावर उरते ती स्लरी?"

"ते तर वेस्ट!"

तेवढ्यात शेजारचे दोन मोगरावाले कॅन घेऊन आले. रोजच्यासारखी मोगऱ्याला खत म्हणून स्लरी भरली, आईच्या हातावर पैसे ठेवले आणि गेले. साहेब बघतच राहिले.

निघताना हळूच म्हणाले, "मावशी, तुळिंजला आमच्या गॅलरीत गुलाब आहे, फुलतच नाही. बाटलीभर स्लरी मिळेल?"

आईनं बाटली काठोकाठ भरली, पण हातात दिली नाही.

"देते की. पन आधी तुमच्या हिशोबात धरा."