क्लिपवरची पांढरी रेघ

मी, खाली सही करणार, वय ७४ वर्षे, धंदा निवृत्त प्राध्यापक (विषय तर्कशास्त्र), राहणार पाण्याच्या टाकीमागील गल्ली, शेवटचे घर, तळमजला, घरी एकटाच, आज सकाळी कोणी बोलावले नसता पोलीस ठाण्यात हजर होऊन समक्ष जबाब देतो की,

हा जबाब एकच गोष्ट सिद्ध करण्यासाठी आहे. माझ्या डिझेल गाडीची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीने मला फसवलेले नाही. माझ्या मुलाने काल दिलेल्या तक्रारीत त्याच्यावर दोन आरोप आहेत. पहिला असा की, त्याने गाडीला नव्याच्या नावाखाली भंगारातले भाग बसवले. दुसरा असा की, गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून तो एकच बिघाड मुद्दाम अर्धवट ठेवत राहिला. दोन्ही आरोप खोटे आहेत. पहिल्याला थोडे शब्द पुरतील, दुसऱ्याला जास्त लागतील. अंमलदारांनी "सर, थोडक्यात सांगा," अशी सूचना केली. थोडक्यात सांगितल्यामुळेच हा प्रसंग ओढवला आहे, असे मी त्यांना सांगितले व त्यांनी पुढे लिहून घेतले.

गाडी मोठी, काळ्या रंगाची, सहा सिलिंडरची व आलिशान म्हणतात त्या वर्गातली आहे. मी ती निवृत्तीनंतर जुनी घेतली. नवी असताना ती माझ्या ऐपतीबाहेरची होती आणि जुनी झाल्यावर तिची दुरुस्ती ऐपतीबाहेरची आहे. मुलगा त्या वेळी म्हणाला होता, "बाबा, घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं!" ते म्हणणे चुकीचे नव्हते. परंतु माझ्या पत्नीच्या कण्याचा आजार वाढला होता आणि दुसऱ्या कोणत्याही वाहनात बसून तिला दवाखान्यापर्यंत जाता येत नव्हते. या गाडीला चाकांवर स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या आहेत. खड्डा आला तरी तो आत पोचत नाही. पत्नी या गाडीत झोपू शकत असे. पत्नी आता नाही. गाडी आहे.

गेल्या हिवाळ्यात गाडीची मागची डावी हवेची पिशवी फुटली. सकाळी गाडी एका कुशीवर बसलेली दिसे. त्याच सुमारास इंजिन थंडीत सुरू होईना. कंपनीच्या वर्कशॉपमधल्या तरुणाने पडद्यावर आकडा दाखवला आणि म्हणाला, "सर, एवढ्यात दुसरी गाडी येईल." मला दुसरी गाडी नको होती. तेथून मी मिस्त्रीकडे गेलो. त्याचे गॅरेज दोन गल्ल्या पलीकडे आहे. तो गाडीखाली शिरला, बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "म्हातारीचं हाड चांगलं आहे. नुसती कुरकुर करते. पण सर, नव्या मालाचा नाद सोडा. अपघातातल्या गाडीची पिशवी मिळते, इंजेक्टर उघडून धुऊन बसवू. चालेल?" मी चालेल म्हणालो. भंगार बाजारात मी त्याच्याबरोबर गेलो होतो. पिशवीवर साबणाचे पाणी टाकून बुडबुडे येतात का, हे आम्ही दोघांनी वाकून पाहिले. जे माझ्यासमोर, माझ्या संमतीने आणि माझ्या खिशाकडे बघून झाले, त्याला फसवणूक म्हणता येत नाही. पहिला आरोप येथे संपतो.

त्याच दुरुस्तीतली आणखी एक बाब नोंदवावी अशी विनंती आहे. गाडीच्या पुढच्या डाव्या सीटला जागा लक्षात ठेवणारे बटण आहे. दोन नंबरचे बटण दाबले की सीट मागे सरकते, पाठ कलते आणि कमरेचा फुगवटा वर येतो. ती पत्नीची जागा होती. बॅटरी काढावी लागली तेव्हा मिस्त्रीने आधी दुसरी बॅटरी आणून तारेने जोडली व मगच पहिली काढली. मी कारण विचारले. तो म्हणाला, "नाहीतर सीट विसरते." मी त्याला तसे करायला सांगितले नव्हते. फसवायला निघालेला माणूस अशी तसदी घेत नाही, इतकेच अनुमान मी यातून काढतो.

दुसऱ्या आरोपातला बिघाड असा. टर्बोकडून इंजिनकडे दाबाखालची हवा नेणारा एक जाड रबरी पाइप आहे. तो तोंडाशी धातूच्या क्लिपने आवळलेला असतो. क्लिप सैल झाली की हवा निसटते, शीळ वाजते, धूर काळा होतो, समोर पिवळा दिवा लागतो आणि एवढी मोठी गाडी सायकलच्या चालीने चालू लागते. पाइप पुन्हा बसवून क्लिप आवळली की गाडी पूर्ववत होते. ही क्लिप या वर्षात वारंवार सैल झाली, हे खरे आहे.

आता क्लिप सैल होण्याची कारणे तीनच संभवतात. वस्तू सदोष असेल, आवळणाऱ्याचे काम सदोष असेल, किंवा कोणीतरी ती सैल केली असेल. चौथे कारण मला सापडले नाही. अंमलदारांनाही विचारले. त्यांनी "भूत" असे सांगितले. ते त्यांच्या संमतीने वगळले आहे.

पहिल्या खेपेला वस्तू खरोखरच सदोष होती. पाइप जुना होऊन तोंडाशी चिरला होता. मी फोन केला. मिस्त्री चहाचे पाणी उकळायच्या आत आला. त्याने पाइप व क्लिप दोन्ही नवी बसवली. सगळ्या गाडीत नवे म्हणावे असे हे दोनच भाग आहेत. त्यामुळे त्यानंतरच्या खेपांना पहिले कारण लागू होत नाही.

दुसऱ्या कारणाविषयी. मिस्त्रीची कामाची एक सवय आहे. स्क्रू आवळून झाला की तो ब्रशने एक बारीक पांढरी रेघ ओढतो, अर्धी स्क्रूच्या डोक्यावर व अर्धी शेजारच्या पट्टीवर. स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. मी कौतुकाने विचारले तेव्हा तो म्हणाला होता, "उद्या तुम्ही म्हणालात, मिस्त्रीने आवळलंच नाही, तर माझी साक्ष कोण देणार? ही रेघ देणार." कंपाने स्क्रू फिरत असेल का, ही शंका मी स्वतः तपासली आहे. त्याच दिवशी, त्याच हाताने, त्याच इंजिनावर आवळलेल्या इतर सर्व स्क्रूंवरच्या रेघा आजही अखंड आहेत. तेच इंजिन, तोच कंप, आणि रेघ तुटते ती एकाच स्क्रूवरची. तीही फक्त गाडी घरी उभी असताना. यावरून दुसरे कारणही बाद होते.

उरते तिसरे. गाडीच्या बॉनेटचा खटका आतून उघडतो. गाडी कुलूपबंद असते. किल्ली एकच आहे, दुसरी पत्नीच्या आजारपणात दवाखान्यात हरवली. ती एक किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात असते. मिस्त्रीकडे ती माझ्या गैरहजेरीत कधीही नव्हती. तेव्हा परिशेषाने, म्हणजे बाकी सर्व शक्यता वगळल्यावर जे उरते त्यावरून, क्लिप सैल करणारी व्यक्ती मी आहे.

हे केवळ अनुमान नव्हे, मला ते प्रत्यक्षही माहीत आहे. अनुमान आधी मांडले, कारण म्हाताऱ्या माणसाने दयेपोटी आळ अंगावर घेतला, असे मुलाने म्हणू नये.

कारण विचारल्यावरून सांगतो की, हिवाळ्यातली मोठी दुरुस्ती आणि तो पाइप झाल्यावर गाडीत काही बिघाड उरला नव्हता. मिस्त्री निघताना दारात हसून म्हणाला, "आता वर्षभर तोंड दाखवायचं नाही, सर!" त्याचा हेतू चांगला होता. जाताना त्याने मला एक छोटा पेचकस दिला आणि शिकवले, "कधी शीळ ऐकू आली तर उजवीकडे अर्धा फेरा. माझी वाट बघत बसू नका." त्यानंतर बरेच दिवस दाराची घंटा वाजली नाही. वाजली ती एकदाच, मीटर वाचणारा आला तेव्हा. मग एका दुपारी मी बॉनेट उघडले व पेचकस डावीकडे फिरवला.

मिस्त्री आला. क्लिप आवळली, रेघ ओढली, चहा घेतला. त्याच्या मुलीच्या परीक्षेविषयी, डिझेलमधल्या भेसळीविषयी आणि माझ्या गाडीच्या स्वभावाविषयी तो बोलत बसला. काही आठवड्यांनी मी पुन्हा फोन केला. त्या खेपेला त्याने वाकून टॉर्च धरली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ त्या स्क्रूकडे पाहिले. तुटलेली रेघ त्याला दिसली, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तो इतकेच म्हणाला, "म्हातारी नाटकं करते, सर. पेशंटला डॉक्टर आवडायला लागला की आजार हटत नाही." मी म्हणालो, "चहात साखर किती?" तो म्हणाला, "तीच, नेहमीची." नवी रेघ त्याने तेव्हाही ओढली. पुढच्या एका खेपेपासून तो क्लिप आवळत असे, पण रेघ ओढत नसे. ब्रश त्याच्या खिशात असे.

पहिल्या खेपेचे, म्हणजे पाइप व क्लिपचे, पैसे त्याने घेतले. त्यानंतर एकदाही घेतले नाहीत.

मुलगा परगावी नोकरी करतो. रविवारी त्याचा फोन येतो. बोलायला काही हवे म्हणून मी त्याला गाडीचा बिघाड सांगत असे. गेल्या रविवारी तो म्हणाला, "परत तोच पाइप? बाबा, एकच आजार आणि इतक्यांदा औषध? तो माणूस तुम्हाला लुटतोय." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तो म्हणाला, "पैसे घेतो ना दर वेळी?" मी म्हणालो, "मिस्त्री म्हटला की पैसे आलेच." हे वाक्य सर्वसाधारण विधान म्हणून खरे आहे. माझ्या बाबतीत ते खोटे होते आणि मुलगा ते माझ्या बाबतीत घेणार हे मला ठाऊक होते. तो म्हणाला, "थांबा, मीच येतो."

माझ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्याला रजा मिळाली नव्हती. या वेळी मिळाली.

तो सोमवारी संध्याकाळी आला. आल्यावर त्याने स्वयंपाकघरातला गळका नळ पाहिला व वायसर बदलला. रात्री आम्ही दोघे जेवलो. तो त्याच्या जुन्या खोलीत झोपला. त्याच्या दाराखालून उजेडाची पट्टी दिसत होती. मंगळवारी त्याने बाजार आणला, माझ्या चष्म्याची काडी बसवून आणली आणि जेवताना मिस्त्रीविषयी बराच वेळ बोलला. माझी बाजू घेऊन त्याने इतके बोललेले मी पूर्वी ऐकले नव्हते. "तुम्ही भिडस्त आहात म्हणून लोक डोक्यावर बसतात," असे तो म्हणाला. मी आमटी वाढली. पेचकस त्याच टेबलाच्या खणात होता.

बुधवारी, म्हणजे काल, तो गॅरेजमध्ये गेला. तेथे आवाज चढले. शेजारच्या टायरवाल्याने मला सांगितले की, मिस्त्री एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "तुमच्या वडिलांना विचारा ना, साहेब." मुलगा मला विचारायला आला नाही. तो थेट ठाण्यात आला. मिस्त्रीला येथे आणल्यापासून गॅरेजचे शटर बंद आहे, आत गिऱ्हाइकांच्या गाड्या अडकल्या आहेत आणि गल्लीत त्याला चोर म्हणणारे दोघे मी आज सकाळी स्वतः ऐकले. त्याच्या जबाबात माझ्याविषयी किंवा तुटलेल्या रेघेविषयी एक अक्षरही नाही, असे अंमलदार सांगतात. त्याने ते का लपवले, याचे अनुमान करण्यास मी पात्र नाही.

आज सकाळी मुलगा झोपेत असताना मी बॉनेट उघडले. गेल्या आठवड्यात मी सैल केलेली क्लिप तशीच होती. पाइप तोंडावर नीट बसवला व पेचकस उजवीकडे फिरवला. घरात पांढरा रंग नव्हता. पत्नीच्या कपाटात नखांना लावायच्या पांढऱ्या रंगाची बाटली होती. ती वाळत आली होती, पण एका रेघेपुरता रंग निघाला. गाडी येथपर्यंत शीळ न वाजता आली व चढावर ओढली. ती बाहेर उभी आहे, पंचांना पाहता येईल. रेघ थोडी वाकडी आहे. पेचकसाच्या टोकाला जुन्या पांढऱ्या रंगाचे कण आहेत. तो पुरावा म्हणून या जबाबासोबत जमा करत आहे.

आत येताना मिस्त्री बाहेरच्या बाकावर बसलेला दिसला. तो उठून उभा राहिला व म्हणाला, "सर, गाडी घेऊन आलात? ओढते का?" मी म्हणालो, "ओढते." तो म्हणाला, "मग झालं." याखेरीज आमच्यात बोलणे झाले नाही.

माझी मागणी अशी की, मिस्त्रीला ताबडतोब घरी जाऊ द्यावे. जाण्यापूर्वी हा जबाब माझ्या मुलाला बोलावून त्याच्यासमोर मोठ्याने वाचावा आणि त्या वेळी मी खोलीत हजर असावे. ते टाळावे असे मला वाटते, म्हणूनच ही मागणी लेखी करत आहे.

येथवरचे अंमलदारांनी मला वाचून दाखवले. नंतर चष्मा लावून मी स्वतः वाचले. एके ठिकाणी 'अनुमान' ऐवजी 'अंदाज' पडले होते, ते दुरुस्त करून घेतले. बाकी मी बोललो तसेच उतरले आहे. कोणी दबाव आणलेला नाही.

खालील मजकूर मी माझ्या हाताने लिहिला आहे.

माझ्याकडून एक चूक झाली. क्लिप सैल करणे ही ती चूक म्हणून मी येथे लिहीत नाही. मिस्त्रीने ती मला केव्हाच माफ केली असावी. माझा मुलगा निरपराध माणसाला चोर म्हणत असताना मी सोमवारी व मंगळवारी त्याच्यासमोर जेवत बसलो आणि खरे सांगितले नाही. खरे सांगितले असते तर तो परत गेला असता.

सही
(जबाब देणार)