नेदाचे नऊ दिवस

संस्थेच्या संचालिका आणि आजच्या अध्यक्ष मिलेवाबाई, व्यासपीठावरील मान्यवर, आमच्या बालफुप्फुस विभागातून आज निवृत्त होणाऱ्या व्यायामशिक्षिका देसांकाताई, परिचारिका भगिनींनो, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या झिवका आजी,

हे भाषण मी करावं, हा देसांकाताईंचाच आग्रह. मी म्हटलं, मला गोड बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, म्हणूनच.

तर खरं तेच सांगतो. तीन वर्षांपूर्वी झिवका आजींची नात नेदा आमच्याकडे दाखल झाली. सहा वर्षांची, आई वारलेली पोर, छातीत चिकट कफ. जोरजोरात फुंकर मारली तरच तो सुटणार. मी मेणबत्त्या विझवायचा खेळ लिहून दिला. बाकीची पोरं खिदळत विझवायची. ही ओठ घट्ट मिटून बसायची. मी रागावून पाहिलं, चॉकलेट देऊन पाहिलं. असे नऊ दिवस गेले. ताप चढला, उजवं फुप्फुस खालून भरत गेलं, आणि मी तिच्या कागदावर लिहिलं, 'मूल हट्टी आहे, सहकार्य करत नाही.'

आता मला सांगा, कुळाच्या संताच्या दिवशी लावलेली मेणबत्ती आपल्यापैकी कोण तोंडाने फुंकतं? आपण ती वाइनच्या थेंबांनी शांत करतो. माझ्याही घरी तेच चालतं. पण पांढरा डगला अंगात घातला की आमच्यासारखे शहाणे घरचं सगळं विसरतात.

दहाव्या दिवशी देसांकाताई तिच्याशेजारी फरशीवर बसल्या आणि तिला नुसतं विचारलं. नेदा म्हणाली, "मेणबत्ती आईसाठी लावतात. मी फुंकली तर आई तिकडे अंधारात राहील."

ताईंनी मेणबत्त्या उचलल्या आणि टेबलावर बदकाची पिसं मांडली. टेबलाचं पलीकडचं टोक म्हणजे बेलग्रेड. फुंकत फुंकत पीस तिथं पोचवायचं. मलाही खेळायला बसवलं. धापा टाकत नेदा मला म्हणाली, "डॉक्टरकाका, तुमचं पीस अजून गावातच आहे की!" त्या दिवशी कफ सुटला. पुढे दोन हिवाळे ती फुंकत राहिली.

तिसरा हिवाळा तिला निभला नाही. फुप्फुसाचा तो खालचा कोपरा पुन्हा उघडलाच नाही. त्या नऊ दिवसांमुळे? सहकारी म्हणतात, सांगता येत नाही. मलाही सांगता येत नाही, आणि त्यानेच झोप लागत नाही. देसांकाताईंनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. फक्त नवीन मूल आलं की त्या आधी त्याच्या घरचं विचारू लागल्या. आता ते आम्ही विचारायचं आहे.

अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सोडून द्या. झिवका आजी, तुम्ही मात्र सोडू नका. तुमची नात हट्टी नव्हती. कागदावरचं ते अक्षर माझं आहे. मला क्षमा करा.