बांधावरची काटेरी करडई

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, सत्कारमूर्ती लालासाहेब थोरात आणि रानातली कामं टाकून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी पायगोंडा पाटील. अध्यक्षसाहेबांनी मला दोन गोड शब्द बोलायला सांगितलंय. गोडाचं काम आमच्याकडे उसाचं. आज विषय करडईचा आहे.

लढाईच्या दिवसांत आपल्या गावच्या मानसिंग सुभेदारांनी पंजाबातून रानकरडईचं मूठभर बी आणलं. लालासाहेबांनी इथल्या सरकारी शेतात तिचा पराग घरच्या करडईवर धरला. कळीतले केसर चिमट्यानं काढायचे, वर पिशवी बांधायची, हे काम शेतावर रोजानं येणाऱ्या अंबूबाई आणि त्यांच्या जोडिणींनी बोटं रक्ताळून केलं. गाव हसलं. "सायेब, करडईचं लगीन लावताय व्हय? मग अक्षता कवा?"

गेल्या हंगामात माव्याची कीड पडली. घरची करडई काळी पडली, ही संकराची झाडं मात्र ताठ उभी! दाणा बारीक, तेल कमी, हे लालासाहेब स्वतःच सांगत. घरच्या करडईशी आणखी थोडे संकर करू द्या, दाणा भरेल, एवढंच त्यांचं मागणं होतं. मिळालं काय? अध्यक्षसाहेब, आपला हुकूम आला : काटेरी तण उपटा, जाळा. आता लालासाहेबांची बदली कोकणात, भातखाचरांत! तिथं करडई औषधाला तरी सापडेल का?

धूर आपण जातीनं पाहिलात. पण साहेब, वाळलेली करडई पहाटेच्या दवात उपटतात, काटे नरम असतात तेव्हा. आपण आलात ऊन चढल्यावर. तोवर बोंडं झोडून झाली होती. अंबूबाई म्हणाल्या, "आवं पाटील, जाळायचं तर काड जाळू की! बी कशापायी?"

लालासाहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. बघा, आत्ता कसे माझ्याकडे पाहताहेत!

गुरं शिरू नयेत म्हणून आम्ही ज्वारीच्या कडेनं करडई पेरतो. यंदा माझ्या, बाळगोंडाच्या, आकारामच्या रानाला त्याच बियाची करडई आहे. येताना आपली मोटार तिलाच घासून आली, साहेब. उपटायची असेल तर खुशाल या. आमच्यातलं कुणी हात लावणार नाही.

लालासाहेब, माघात ती फुलेल. रजा काढून या. शेजारी घरची करडई पेरलीय, पिशव्या अंबूबाईंनी शिवून ठेवल्यात. तुमचं काम मोडू देणार नाही, हा आमचा शब्द.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. माझं बोलणं कुणाला टोचलं असेल तर उदार मनानं क्षमा करावी. करडई मात्र उभीच राहील.