सासऱ्यांचं सामान पोर्तुगालला

...नाही, माणूस खुर्चीत बसला की त्याला बसू द्यावं की नाही, तुम्हीच सांगा! सासरे आहेत, बहात्तर वर्षांचे आहेत, गोव्याहून विमानानं दोहाला आलेत, दमलेत, आल्या आल्या खुर्चीत टेकलेत... टेकू दे ना बाबा! पण नाही. मी लगेच पुढे. म्हटलं, ‘नाना, तुम्ही कोकणीत हिला कदेल म्हणता ना, ती मूळची पोर्तुगीज बरं का. कादैरा!’ नानांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खुर्चीकडे बघितलं, आणि हळूच उठून सोफ्यावर जाऊन बसले. आता मला कुणी विचारलं होतं का? नव्हतं विचारलं!

तुम्हाला सांगतो, हा रोग मला नोकरीतून लागला. मी जालिंदर, गाव सांगोला, आणि इथं दोहात, वेस्ट बे भागात, एका इंजिनिअरिंग कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर. म्हणजे काय, तर इंजिनिअर नकाशे काढतात, कॉन्ट्रॅक्टर बिल्डिंग बांधतो, आणि मी मधे बसून प्रत्येक कागदाला विचारतो, तू आलास कुठून? कोणी पाठवलं? कितवी आवृत्ती? अकरा वर्षं हेच. मूळ लिहिलेलं नसलं की मी कागद परत पाठवतो, मग तो कितीही मोठ्या साहेबाचा असो. घरी आलो तरी डोकं तसंच चालतं. भाजी समोर आली की हात आधी भाकरीकडे जायचा सोडून मनात येतं, ही आली कुठून?

बरं, नानांची गोष्ट वेगळी आहे. नाना म्हणजे माझ्या बायकोचे, नीलांबरीचे वडील. लग्नाला बारा वर्षं झाली, या बारा वर्षांत हा माणूस माझ्याशी थेट बोललेला नाही. रागावलेत म्हणाल तर अजिबात नाही. मान देतात, इतका देतात की माझ्यापर्यंत येतच नाहीत! मी समोर बसलोय, हात लांब केला तर गुडघ्याला लागेल एवढ्या अंतरावर, आणि नाना नीलांबरीला म्हणणार, ‘तांकां विचार, च्या जाय?’ म्हणजे त्यांना विचार, चहा हवा का. मग नीलांबरी माझ्याकडे वळणार, चहा हवा का? मी म्हणणार, हो. मग ती तिकडे वळणार, जाय म्हणतात. आमच्या ऑफिसात पत्रव्यवहारसुद्धा याहून लवकर होतो.

त्यात त्यांची नोकरी कसली, तर फेरीबोट चालवायची. रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर, तीस वर्षं. या काठावरून निघायचं, त्या काठाला लागायचं, यात बोलायचं काय? घरात बोलायला सासूबाई होत्या. त्या दोघांच्या वाट्याचं एकट्या बोलायच्या. आणि गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. त्यानंतर नानांचं होतं-नव्हतं तेही बोलणं बंद झालं. नीलांबरी रोज फोन करायची, पलीकडून नुसतं हूं, हूं. फोन ठेवून ती रडायची. म्हणाली, जालिंदर, ते असेच राहिले तर मिटून जातील रे, त्यांना महिनाभर इथं आणू, कसंही करून बोलतं करू. मला खरंच वाईट वाटलं. मी म्हटलं, ही जबाबदारी माझी. आता मला कुणी विचारलं होतं का? नव्हतं विचारलं!

बोलतं करायचं तर कोकणी यायला हवी. ती शिकायला माझ्याकडे तीन आठवडे होते आणि गाडीत महमूद होता. महमूद रत्नागिरीचा, आम्ही दोघं ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत राहतो आणि एकाच गाडीतून ऑफिसला जातो. त्याला म्हटलं, मला कोकणी शिकव. तो म्हणाला, अरे, आम्ही घरात बोलतो ती आमची कोकणी, तुझ्या सासऱ्यांची गोव्याची, दोन्हीत मधे अख्खा सिंधुदुर्ग आहे. मग मी स्वतःच इंटरनेटवर बसलो. पण ते नाकातले उच्चार मला काही जमेनात! सांगोल्याच्या नाकातून ते निघतच नाहीत हो. मग विचार केला, बोलणं राहू दे, आपण मूळ शोधू. ते आपल्याला येतं.

झालं! एक्सेल उघडली. शब्द, अर्थ, मूळ, आवृत्ती. आणि काय सांगू तुम्हाला, घबाडच सापडलं! कदेल, पोर्तुगीज. जनेल म्हणजे खिडकी, पोर्तुगीज. कुलेर म्हणजे चमचा, पोर्तुगीज. बोल्स म्हणजे खिसा, बुतांव म्हणजे बटण, तुवालो म्हणजे टॉवेल, पाव, बालदी, चावी... सगळ्यांपुढे पोर्तुगीजची खूण, पी-टी, पी-टी, पी-टी. मला इतका आनंद झाला की ऑफिसातल्या मशीनवर मी लेबलं छापून आणली आणि घरभर चिकटवली. वर शब्द, खाली मूळ. आमची ईशा नऊ वर्षांची, इंग्लिश शाळेत जाते, मराठीत विचारलं तर इंग्लिशमध्ये उत्तर देते. ती चमचा हातात धरून म्हणाली, ‘डॅडी, इट्स जस्ट अ स्पून.’ पोरीला कळलं ते मला कळलं नाही.

तर नाना आले. कदेलचं सांगितलंच तुम्हाला. दुसऱ्या दिवशी ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. समोर काय, पलीकडच्या बिल्डिंगचे एसी. पण बघत होते बिचारे. मी मागून गेलो. ‘नाना, जनेल! पोर्तुगीज!’ ते खिडकीपासून हलले. जेवायला बसले, चमचा उचलला, मी म्हटलं कुलेर. चमचा ठेवला, हातानं जेवले. आंघोळीहून आले, म्हटलं तुवालो. तिसऱ्या दिवशी तर ते कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी माझ्याकडे बघायला लागले, परवानगी घेतल्यासारखं. मला वाटलं, रस घेतायत! रात्री नीलांबरीला मी म्हणालोसुद्धा, बघ, हळूहळू खुलतायत.

चौथ्या दिवशी दुपारी, जेवणं झालेली, नाना भिंतीवरच्या लेबलाकडे बघत बसले होते. नीलांबरीला म्हणाले, ‘तांकां विचार, म्हज्या घरांत म्हजें म्हणपासारकें कितें उरलें?’

नीलांबरी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, ‘नाना विचारतायत, माझ्या घरात माझं म्हणावं असं काय राहिलं.’ आणि मला आत घेऊन गेली, दार लावलं आणि म्हणाली, ‘आई गेली, घर रिकामं झालं. खुर्च्या आणि खिडक्या तरी राहिल्या होत्या, त्याही तू उचलून पोर्तुगालला पाठवल्यास.’

तुम्हाला सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणसाला बोलतं करायला निघालो आणि मी त्याचं घर रिकामं करून दिलं, चमच्यासकट! संध्याकाळी मी सगळी लेबलं काढली. ती निघेनात, चांगल्या प्रतीची होती, ऑफिसचीच. नखांनी खरवडत होतो. नाना सोफ्यावरून बघत होते.

दुसऱ्या दिवशी गाडीत महमूदला सगळं सांगितलं. तो म्हणाला, जालिंदर, तू आता महिनाभर तोंड उघडू नकोस. कुणी काही विचारलं तर मान हलव. मी म्हटलं, शपथ. खलास. कोकणी बंद.

आणि पाळलं हो मी! सोमवारपासून गुरुवारपर्यंत पाळलं. मग आला शुक्रवार. अबू हमूर भागात आमच्या मित्राच्या, अवधूतच्या व्हिलात आम्हा मराठी लोकांचं जेवण होतं, प्रत्येकानं घरून काहीतरी करून आणायचं. तीसेक माणसं. नीलांबरीनं नानांसाठी पेज नेली होती, तांदळाची, सोबत कैरीचं लोणचं. नाना गोव्यात रोज अकराच्या सुमाराला पेज घेतात. त्यांनी वाटी हातात घेतली, आणि तेवढ्यात अवधूतनं सहज विचारलं, हे काय आहे? बघा, त्यानं नानांना विचारलं. नानांना! मला कुणी विचारलं होतं का? नव्हतं विचारलं! पण चार दिवसांचं साचलेलं होतं, धरण फुटलं. मी उभा राहिलो. म्हटलं, ही पेज, गोव्याची खासियत, आणि शब्द कुठला म्हणाल तर मेज जशी पोर्तुगीज, तशी पेजही पोर्तुगीज!

हे माझ्या एक्सेलमध्येसुद्धा नव्हतं हो! तोंडाला आलं आणि बोललो. नीलांबरीनं डोळे मिटून घेतले. महमूद ताट घेऊन उभा होता, तो भिंतीकडे वळला.

नानांनी वाटी खाली ठेवली. नीलांबरीकडे बघितलंच नाही. थेट माझ्याकडे बघितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा.

‘जालिंदरबाब,’ ते म्हणाले, ‘पेज पोर्तुगालची न्हय. संस्कृतांत ती पेया. पोर्तुगेज येवचे पयलीं आमी उपाशीं आशिल्ले?’

पोर्तुगीज यायच्या आधी आम्ही काय उपाशी होतो? सगळे हसले. मला हसू येईना, कारण मला कळतच नव्हतं की मी अपमानित झालोय की मला लॉटरी लागलीय! आणि नाना थांबले नाहीत. मेजेचं म्हणाल तर ती फारसीतही आहे, उगाच सगळं एकाच्या पदरात टाकू नका, म्हणाले. रूख म्हणजे झाड, तो वृक्षातला. न्हंय ती नदी. शीत म्हणजे भात, तेही संस्कृतातून. उदक तर आहे तसंच आहे, त्याला कुणी हातही लावला नाही. मग माझ्याकडे वळले. म्हणाले, तुमच्या मराठीत पाव आहे, बटाटा आहे, चावी आहे, इस्त्री आहे, घमेलं आहे, कुठून आले सगळे? आणि ज्याच्यासाठी तुम्ही घरदार सोडून या वाळवंटात आलात, तो पगार, तो कुणाचा? तोही पोर्तुगीजच! आणि इथल्या अरबाला हिशेब देता, तो शब्द त्याचाच त्याला परत देता.

अवधूतनं विचारलं, नाना, हे सगळं तुम्ही शिकलात कुठं? तर म्हणाले, फेरीबोटीत. तीस वर्षं रोज सकाळी माझ्या बोटीत एक संस्कृतचे मास्तर, एक पाद्री आणि एक भट चढायचे. पलीकडच्या काठाला लागेपर्यंत हा शब्द तुमचा की आमचा यावर भांडायचे. बोट लागली की उतरायचे, संध्याकाळी परतीला तिथूनच पुढे. मी सुकाणू धरून ऐकायचो. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी बोललो नाही.

म्हणजे समजलं का तुम्हाला? त्यांना सगळं माहीत होतं! मी चार दिवस चमचा-खिडकी-टॉवेल करत होतो तेव्हा हा माणूस तीस वर्षांचा अभ्यास पोटात घेऊन गप्प बसला होता. जमिनीनं पोटात घेतलं असतं तर बरं, पण व्हिलाच्या फरश्या पक्क्या होत्या.

मग नानांचा आवाज खाली आला. म्हणाले, ‘जनेल पोर्तुगेजांचें जावं. पूण सकाळीं फुडें तें उगडटाली कोण? हिची आवय.’ खिडकी असेल पोर्तुगीजांची, पण रोज पहाटे ती उघडायची कोण? हिची आई. आणि मग ते सासूबाईंबद्दल बोलायला लागले. ती खिडकी उघडून आधी पलीकडच्या बाईशी कशी भांडायची, मग तिलाच हाक मारून कशी चहाला बोलवायची, नदीवरून फेरीबोटीचा भोंगा ऐकला की तांदूळ कसे वैरायची. वर्षभर साठलेलं सगळं बाहेर आलं. नीलांबरी त्यांच्या पायाशी फरशीवर बसून ऐकत होती. रडत होती आणि हसत होती. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. ईशानं आजोबांच्या हातात वाटी परत दिली. पेज गार झाली होती, त्यांनी तशीच प्यायली.

तर असं ते बोलते झाले. काम फत्ते. पण आता पुढचं ऐका! त्या दिवसापासून नाना थांबलेलेच नाहीत. पहाटे मी दाढी करतोय, तर बाथरूमच्या दाराबाहेरून, जालिंदरबाब, साबण. गाडीत बसलो की फोन, जालिंदरबाब, महमूदाकय आयकूं दियात, त्यालाही ऐकू द्या, स्पीकर लावा. महमूद हल्ली त्यांच्याशी त्याच्या कोकणीत वाद घालतो, दोघांनाही एकमेकांचं अर्धं कळत नाही आणि दोघंही खूश. ऑफिसात साहेबापुढे मीटिंगला बसलोय, खिशात फोन थरथरतो. महिन्यासाठी आले होते, गेल्या आठवड्यात व्हिसा आणखी महिनाभर वाढवून घेतला, म्हणाले, जालिंदरबाबांचं अजून बरंच चुकतंय.

काल अगदी हात टेकले. नीलांबरीला म्हटलं, अगं, तू जरा त्यांना सांग ना, दोन मिनिटं उसंत द्या म्हणावं, मला जेवू द्या. ती भाजी परतत होती, वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाली, ‘मी कशाला मधे? आता ते थेट तुझ्याशी बोलतात. तूच सांग.’

आता मी काय सांगणार, कपाळ? एकदा तोंड उघडलं होतं, त्याचीच ही शिक्षा... थांबा, फोन वाजतोय. त्यांचाच. नाही, नाही, घ्यायलाच पाहिजे हो. बारा वर्षांनी बोलायला लागलेल्या माणसाला ‘नंतर करतो’ म्हणायची माझी छाती नाही.