शेखरच्या वतीनं

(पिंपळे गुरव. नानासाहेबांच्या स्वतःच्या बिल्डिंगचा तळमजला. सून प्राजक्ता चहा ओततेय. बायको शालनबाई शेजारी बसल्यात.)

नानासाहेब : मानसाचं मन म्हंजे अथांग समुद्र, प्राजक्ता. तळच न्हाई.

प्राजक्ता : असं कोण म्हणालं?

नानासाहेब : वाकडच्या मनाच्या डाक्टर म्याडम. पाऊण तास शोधला. मग पुढची तारीख दिली.

प्राजक्ता : म्हणजे काय विचारलं त्यांनी?

नानासाहेब : ल्हानपण. बा कसा होता? म्हनलं, मारायचा, पन कामापुरतं. आन् रडलोच की मी! सत्तरीत!

प्राजक्ता : मग पिंपरीच्या दुसऱ्या सरांकडे कशाला गेलात?

नानासाहेब : रडून भागतंय व्हय? ते सर पद्धतशीर. वही ठेवायची. डावीकडं मनातला इचार, उजवीकडं पुरावा. सात-बाऱ्यावानी. म्या लिवलं, ‘पोरगं नालायक हाय.’ पुरावा चार पानं भरला.

प्राजक्ता : आणि उलट बाजूचा पुरावा?

नानासाहेब : त्यो बी मागितला त्यांनी. ते पान अजून कोरं हाय.

शालनबाई : चिंचवडच्या ताईंचं सांगा की.

नानासाहेब : त्या नुसत्या ऐकत्यात. म्हनलं, जीव जळतो. त्या म्हनल्या, तुमचा जीव जळतोय. म्हनलं, व्हय. मंग फी भरली.

प्राजक्ता : तिघांत उजवं कोण मग?

नानासाहेब : वहीवाले. आता पडल्या पडल्या झोप लागती मला.

प्राजक्ता : तुम्हाला?

नानासाहेब : मंग कुनाला?

प्राजक्ता : नाना, आजारी शेखर आहे. आठ महिने नोकरी नाही, वरच्या खोलीतून बाहेर नाही. सलोनी विचारते, बाबा गावाला गेलेत का?

नानासाहेब : त्यो येतोय व्हय कुठं? म्हनून मी गेलो. घरात कर्ता कोन? जिमिनीची खरेदीखतं, त्याचं कॉलेज, चाकनच्या कंपनीतली नोकरी, समदीकडं मीच गेलो. तुला बघायला बी मीच आलो.

प्राजक्ता : हो. त्याला मी थेट साखरपुड्यात पाहिलं.

नानासाहेब : काय वाईट झालं?

प्राजक्ता : सोमवारी मी सलोनीला घेऊन माहेरी चाललेय, नाना. कायमची. त्याआधी एकदा त्याच्याशी बोला. त्याच्या वतीनं नाही, त्याच्याशी.

नानासाहेब : बोललो की सकाळी! दारात हुबा ऱ्हाऊन म्हनलं, तुझ्यापायी तीन ठिकानी मन मोकळं केलं, आता उतर खाली.

प्राजक्ता : काय म्हणाला?

नानासाहेब : आयकलं असंल.

शालनबाई : इतके दिस दार नुसतं लोटलेलं असायचं. आज आतनं कडी लावलीय.