नळाला बांधलेलं अर्थिंग

आमच्या काकांना विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही, असं मी कॉलेजभर सांगत फिरायचे. मे महिन्यात त्यांनी जुना लोखंडी कूलर आणला. हात लावला की झिणझिण्या यायच्या. काका म्हणाले, "मिस्त्रीला बोलावतो."

"मी फिजिक्स शिकते, मिस्त्री कशाला? अर्थिंग दिलं की झालं," म्हणत मी कूलरच्या पत्र्यापासून एक वायर काढली आणि मोरीतल्या लोखंडी नळाला गुंडाळली.

"नळाला नको गं, ऐक की जरा!"

"पुस्तकात आहे, काका. तुम्ही गप्प बसा."

मी कूलर लावला. तेवढ्यात आईने ओल्या मोरीत अनवाणी जाऊन नळ धरला आणि ती किंचाळली. तिचा हात नळाला चिकटला होता. मी तिला ओढायला धावले, तर काका ओरडले, "शिवू नको तिला!" आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. आई मटकन खाली बसली. श्वास चालू होता, पण ओठ पांढरेफटक पडले होते.

"टाकीपासून नळापर्यंत रबरी पाइप टाकलाय मी," काका म्हणाले. "करंट जमिनीत जाणार कुठनं?"

आईने पाणी मागितलं. मेन बंद होता, काकांनी वायरही उपटून फेकली होती. नळात करंट असणं शक्यच नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. तरी माझा हात पुढे जाईना.

"काका, तुम्ही सोडा ना नळ."

काका जागचे हलले नाहीत. म्हणाले, "मला पण लई भ्या वाटतंय की गं."