गाडी उभी केल्यावर पंधरा मिनिटं

(धुळ्याजवळ हायवेलगतचं वर्कशॉप. दुपार टळलेली.)

मोनाली : भिकननाना, तिसऱ्यांदा आणलीत गाडी. दोन्ही वेळा तपासली, काही सापडलं नाही. आवाज कधी येतो ते तरी नीट सांगा.

भिकन : सांगेल शे ना, ताई. गाडी उभी करस, हँडब्रेकनं बटन वढस, चावी खिशात. बठ्ठे उतरी जातस. मंग दहा-बारा मिन्टांनी मागल्या चाकातून घुर्र वाजस. इंजिन बंद, आत कोनी नही.

मोनाली : तोपर्यंत ऐकायला तिथे असतं कोण?

भिकन : मी राहस उभा.

मोनाली : कशासाठी?

भिकन : सवय शे. तुम्ही आवाजनं पहा. मागल्या बारीले बॅटरीच बदली दिन्ही तुम्ही. आजार रेड्याले, औषध पखालीले. गाडीना मालक, डॉक्टरसाहेब म्हनतस, भिकन, तुझे कान गेले. आज काही सापडनं नही तर दुसरा डायवर पाहतीन.

मोनाली : रोज येतो?

भिकन : नही. सोनगीरले गयू तर कधीच नही. संभाजीनगरहून येताना कन्नडचा घाट उतरी खाले थांबनू का हमखास.

मोनाली : घाट उतरल्यावर. हे आधी का नाही सांगितलंत?

भिकन : कोनी इचारंच नही.

मोनाली : खरंय. आम्ही लॅपटॉप लावतो आणि मोकळे होतो. बसा. सकाळपासून ही माझी नववी गाडी, डबा अजून उघडला नाहीये, पण सांगते. जुन्या हँडब्रेकला दांडा होता, दांड्याला तार. हिला तार नाही. मागच्या दोन्ही चाकांपाशी एकेक छोटी मोटर आहे. बटण ओढलं की ती स्क्रू फिरवते आणि ब्रेकचे पॅड चाकाच्या डिस्कवर दाबले जातात. घट्ट बसले की मोटर बंद. मग बॅटरी काढून घेतली तरी पकड सुटत नाही.

भिकन : मंग नंतर काबरं वाजस?

मोनाली : घाटात ब्रेक दाबून दाबून डिस्क तापते. तापली की फुगते, अगदी केसाएवढी. तुम्ही त्या फुगलेल्या डिस्कवर ब्रेक लावता. मग ती थंड होते, आकसते, पकड ढिली पडते. गाडीला ते कळतं. ती मोटर पुन्हा फिरवून पकड आवळून घेते. तोच तुमचा घुर्र. बिघाड नाहीच.

भिकन : पकड ढिली पडस?

मोनाली : थोडी.

भिकन : आनि दांडावाली गाडी राहिनी तर? मागं डिस्कच, पन दांडा.

मोनाली : तिला परत कोण आवळणार? सपाटीवर कळतही नाही. उतारावर गिअरमध्ये नसेल तर गाडी घरंगळू शकते.

भिकन : दांडा पुरा वढेल राहिना तरी?

मोनाली : तरीही. नाना, पाणी देऊ का?

भिकन : ती दांडावाली गाडी गिअरमधी नव्हती. पितांबर मन्हा साला. त्यानी बाळंतीन पोरले सासरहून आनत व्हतूत. बाळ गाडीमां, एसी चालू ठेवाना व्हता, म्हनीसन न्यूट्रल. घाटखाले उतारवर चहाले थांबनूत. मी दांडा वढा. पितांबर गाडीम्होरे दगडवर बठी चहा पेत व्हता. मी फक्त कप ठेवाले गयू.

मोनाली : वाचले ना ते?

भिकन : जीव वाचना. पन उजवा पाय गया, गुडघ्यापासून. आठ वरीस झाली. बठ्ठा गाव म्हने, भिकननी हँडब्रेक लावाच नही. मन्ही बायको तर त्यानी सख्खी बहीन. ती भांडस नही, ताई. भांडती तर बरं व्हतं. ताट वाढस आनि उठी जास. मंग माले बी वाटाले लागनं, नसंल लावेल. मनात तो दांडा वढी पाहस. कधी वढेल दिसस, कधी नही. थकी गयू.

मोनाली : म्हणून थांबता गाडीपाशी.

भिकन : पंधरा मिन्टं. डॉक्टरसाहेबले काय सांगू हे?

मोनाली : काही नका सांगू. वर्कशॉपच्या कार्डावर लिहून देते, आवाज नेहमीचा आहे, बिघाड नाही. तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.

भिकन : आखो एक ओळ लिखा ना. दांडावाला हँडब्रेक लावेल राहिना तरी गाडी थंडी व्हई ढिला पडस, असं. शिक्का मारा. बायको सातवी शिकेल शे, वाची लेई.

मोनाली : नाना, ती गाडी मी पाहिलेली नाही. तेव्हा पडलाच असं मला नाही लिहिता येणार. पडू शकतो, एवढंच लिहीन.

भिकन : तेवढंच लिखा. आठ वरीसमां तेवढं बी कोनी म्हनं नही.